दोन डावे बूट

१

माझी बायको खोटं बोलली, असं त्या सकाळी लोकांदेखत सांगण्यात आलं. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. सांगणाऱ्यांनी शब्द मऊ वापरले, पण अर्थ तोच.

नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात काचेची कपाटं मांडली होती. बॅलेतल्या एका मोठ्या नर्तकीचा दुपारी निरोपाचा प्रयोग होता. रसिक मंडळात तिला कुणी नावाने बोलवत नसे. गिरक्या अशा घ्यायची की सगळे तिला ‘भिंगरी’च म्हणत. मंडळाने तिच्या आठवणींचं प्रदर्शन भरवलं होतं. जुनी पत्रकं होती, पोशाख होते, फोटो होते, आणि मधल्या कपाटात माझ्या बायकोचा जोड होता.

जोड म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे गुलाबी साटिनचे बूट. फार वर्षांपूर्वी एका प्रयोगात, नाच ऐन रंगात असताना, भिंगरीच्या डाव्या बुटाची रिबीन तुटली होती. तरी ती थांबली नाही. मंडळात त्याला अजूनही नुसतं ‘तो प्रयोग’ म्हणतात. तो संपल्यावर कलाकारांच्या दाराशी तिने दोन्ही बूट माझ्या बायकोच्या हातात दिले. का दिले, ते बायकोने कधी सांगितलं नाही. ‘दिले’ एवढंच म्हणायची.

मी नळ-पाइपची कामं केलेला माणूस. नाचातलं मला विशेष कळत नाही. पण कुठे नवी कंपनी आली की ही निघायची, आणि डबा घेऊन मी मागे. अशी आम्ही कितीतरी गावं पालथी घातली. लोक देवदर्शनाला जातात, आम्ही बॅलेला गेलो.

तर त्या सकाळी नाट्यगृहातल्या बुटांच्या खोलीच्या मावशी कपाटापाशी आल्या. नर्तकींचे बूट मागवायचे, मोजून द्यायचे, वाळवायचे हे त्यांचं काम. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, ‘हा जोड नाही. दोन्ही डावे आहेत.’

मंडळाच्या अध्यक्षबाई शेजारीच होत्या. त्या हसल्या. ‘काय मावशी, या बुटांना डावं-उजवं नसतंच. मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल.’

कपाटवाल्या काकांनीही मान हलवली. त्यांच्याकडे नर्तकींच्या वस्तूंनी भरलेली इतकी कपाटं आहेत की घरात माणसांना जागा नाही, म्हणून ते कपाटवाले.

‘दुकानात नसतं,’ मावशी म्हणाल्या. ‘पाय घातला की होतं. हा अंगठ्याचा फुगवटा बघा. दोन्हीला एकाच बाजूला. एका बाईला दोन डावे पाय असतील तरच हा जोड.’

अध्यक्षबाईंनी मोठा सुस्कारा टाकला. ‘जाऊ द्या हो. प्रेमापोटी माणूस वाढवून सांगतं. बिचारीला एकच मिळाला असेल, दुसरा कुठूनतरी आणून जोड केला. आता गेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते डोलणं माझ्या डोक्यात गेलं.

व्यवस्थापक तरुण आणि भला माणूस. त्याने कपाटावरच्या कार्डाकडे हात नेला. त्यावर लिहिलं होतं, ‘त्या प्रयोगाचा जोड’, आणि खाली बायकोचं नाव.

मी मध्ये उभा राहिलो. ‘हात लावायचा नाही.’

‘काका, दुपारी प्रयोग आहे. खोटं कार्ड ठेवून कसं चालेल?’

‘माझ्या घरून दोन पायांचे दोन बूट आले होते. आमचे दोन्ही विटके होते. हा एक बघ, कसा ताजा गुलाबी आहे. कुणीतरी बदललाय.’

‘कुणी बदलला?’

‘ते मला माहीत असतं तर तुझ्याशी कशाला बोललो असतो?’

त्याने घड्याळ बघितलं. ‘दुपारी दारं उघडेपर्यंत थांबतो. नंतर कार्ड काढावं लागेल.’

मी मेहुणीला फोन लावला.

२

माझी मेहुणी विमा कंपनीतून निवृत्त झाली. खोटे दावे शोधणं तिचं काम होतं. कागदोपत्री मेलेली माणसं ती न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन गाठायची. ताईसारखीच जीभ, फक्त धार जास्त.

‘भाऊजी, जेवलात का?’ आल्या आल्या तिने विचारलं.

‘जेवण सुचतंय का?’

‘उपाशी माणूस आरडाओरडा करतो आणि समोरचा सावध होतो. हे घ्या.’ तिने पर्समधून बिस्किटं काढून दिली. ‘आता सांगा. घरात बूट कुठे असायचे?’

‘तुला माहीत नाही का? तूच भांडायचीस.’

‘तरी सांगा. मावशींना ऐकू दे.’

‘खिडकीशेजारच्या भिंतीवर, खिळ्याला. रिबिनींची गाठ मारून. डावा वर, उजवा त्याच्या पाठीमागे. तुटकी रिबीन दिसावी म्हणून डावा पुढे.’

‘शंभरदा सांगितलं ताईला, ऊन लागून रंग जाईल, पेटीत ठेव. म्हणायची, पेटीत माझे दागिने ठेवीन, हे मला दिसायला हवेत.’ मेहुणी मावशींकडे वळली. ‘दागिने तर काही नव्हतेच.’

मावशींनी कुलूप काढून दोन्ही बूट रुमालावर ठेवले. एक तुटक्या रिबिनीचा, साबणाने धुऊन धुऊन उतरलेल्या कापडासारखा विटका. दुसरा ताजा.

‘हा विटका त्या प्रयोगाचा, यात वादच नाही,’ मावशी म्हणाल्या. ‘रिबिनीचा तुटलेला तुकडा मीच उचलला होता स्टेजवरून. हा दुसरा पण तिचाच, पण नंतरचा. शिलाई बघा. रिबिनी नर्तकी स्वतः शिवतात. त्या प्रयोगापर्यंत ती साधा दोरा वापरायची. रिबीन टाक्यांपाशीच तुटली, तशी तिने त्या दोऱ्याचा नादच सोडला. तेव्हापासून दात साफ करायच्या दोऱ्याने शिवते. तो तुटत नाही.’

मी वाकून पाहिलं. विटक्या बुटाला बारीक गुलाबी टाके होते. ताज्याला जाड, पांढरट, मेणचट दोरा.

‘असे नंतरचे बूट बाहेर मिळतात?’ मेहुणीने विचारलं.

‘नाट्यगृह कधी कधी जुने बूट विकतं. सुटे. एकेक. कुणीही घ्यावा.’

‘या कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे?’

‘माझ्याकडे एक. कपाटवाल्यांकडे एक, कपाट त्यांचंच. आणि अध्यक्षबाईंकडे एक. काल संध्याकाळी मांडामांड झाली, दिवे लावून. मग सगळे गेले.’

‘काल तुम्ही बूट पाहिले होते?’

‘कुठले. काल माझ्याकडे नर्तकींची रांग होती. आज सकाळी पहिल्यांदा पाहिले.’ मावशींनी बूट परत ठेवले. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नका. पण घरूनच असे आले नाहीत, हे तुम्ही कसं दाखवणार? एक खरा, एक विकतचा. मलाही तुमच्या बायकोनेच जोड जुळवल्यासारखा वाटतो.’

मी उरलेली बिस्किटं मेहुणीला परत दिली.

३

कपाटवाले काका पोशाखाच्या बाहीवरची धूळ फुंकत होते.

‘सरळ विचारते,’ मेहुणी म्हणाली. ‘तुम्हाला चोरायचा असता तर दोनांतला कोणता घेतला असता?’

दुसरा कुणी रागावला असता. हे विचारात पडले. ‘डावा,’ ते म्हणाले. ‘तुटक्या रिबिनीचा. दुसऱ्याला कोण विचारतो? मी तर ताईंना किती वेळा म्हटलं, माझी सगळी कपाटं घ्या आणि तो एक द्या.’

‘मग काय म्हणाली?’

‘म्हणाल्या, आधी घरात बायकोला बसायला जागा करा.’

मेहुणी हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. ‘काल शेवटी कोण गेलं इथून?’

‘मी गेलो तेव्हा अध्यक्षबाई आणि व्यवस्थापक होते. व्यवस्थापक तिकीटखिडकीकडे, बाई इथे. भाषण पाठ करत होत्या.’

अध्यक्षबाईंचं भाषण अजून हातातच होतं. त्या कायम पहिल्या रांगेत बसत, मधल्या खुर्चीवर. माझी बायको वरच्या गॅलरीत. खालून वर बघायची पद्धत नसते, पण अध्यक्षबाई प्रत्येक मध्यंतरात वर बघत, हे मला आठवत होतं.

‘बसा ना,’ त्या म्हणाल्या. ‘मला खरंच वाईट वाटतंय. तुमची ताई साधी होती.’

‘साधी होती?’ मेहुणी म्हणाली. ‘आमच्या घरात ही बातमी कुणाला नाही.’

‘म्हणजे, मनाने.’

‘तुमच्याकडेही एक बूट आहे म्हणतात.’

‘त्याच प्रयोगाचा.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘दारातच दिला तिने मला. आज प्रयोगानंतर ती कपाटं बघायला येणार आहे, तेव्हा सही घेणार त्यावर. इतकी वर्षं जपलाय.’

‘आता का नाही विचारत तिला, कुणाला काय दिलं ते?’

‘प्रयोगाच्या दिवशी ती कुणाला भेटत नाही. आईलाही नाही. मंडळातल्या नवख्यालाही माहीत असतं हे.’

‘बघू तरी तुमचा बूट.’

मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी हसत पर्समधून मखमली पिशवी काढली. ‘हात मात्र लावू नका. साटिनला उजेड सोसत नाही. मी हा पिशवीतून बाहेर काढतच नाही. मेळाव्यात एक क्षण दाखवते आणि लगेच आत. ऊन कसं असतं ते याला माहीत नाही.’

बूट बाहेर आला. मेहुणीने मावशींना हाक मारली. मावशी आल्या, चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघत राहिल्या.

‘उजवा,’ त्या म्हणाल्या. ‘साधा दोरा. तोच टाका. त्या प्रयोगाचाच आहे.’

कपाटवाले आले, व्यवस्थापक आला, मंडळातले चार जण आले. अध्यक्षबाईंनी मान खाली घातली.

‘मी बोलणार नव्हते. पण आता दिसलंच. उजवा मला दिला, डावा तिला. तिला जोडाची हौस, म्हणून तिने विकतचा आणून जुळवला. असू दे.’

सगळं चपखल बसत होतं. व्यवस्थापक हलक्या पावलांनी मधल्या कपाटाकडे निघाला, कार्ड काढायला.

४

‘थांब रे,’ मेहुणी म्हणाली. ‘एवढी घाई कसली? ती खिडकी उघड आधी.’

दालनाच्या खिडक्यांना जाड पडदे होते. त्याने एक पडदा सारला. दिव्यांचा पिवळा उजेड फिका पडला आणि दिवसाचा आत आला. मेहुणीने कपाटातला विटका डावा बूट मागवून घेतला, आणि अध्यक्षबाईंचा बूट रुमालात धरून खिडकीपाशी नेला.

‘भाऊजी, इकडे या. काय दिसतं?’

मी पाहिलं. अध्यक्षबाईंच्या उजव्या बुटाच्या कडा विटलेल्या होत्या. पिवळ्या दिव्याखाली, शेजारी दुसरा बूट नसताना, ते कळलं नव्हतं. आणि मधोमध गडद गुलाबी एक जागा राहिली होती, वर रुंद, खाली निमुळती. भिंतीवरचा जुना फोटो काढला की मागे रंगाचा चौकोन राहतो ना, तशी.

‘आता खिळ्यावर जसे टांगलेले असायचे तसे धरा. तुमच्या हाताने.’

माझ्या हातांना ते पाठ होतं. उजवा मागे. डावा त्याच्यावर, जरा खाली. डावा बूट त्या गुलाबी जागेवर बसला. इतका नेमका बसला की गुलाबी रंग कुठूनही दिसेना.

मावशी पुटपुटल्या, ‘अगं बाई.’

‘हे दोघं वर्षानुवर्षं एकमेकांवर टांगलेले होते,’ मेहुणी म्हणाली. ‘एका खिडकीशेजारी. माझ्या ताईच्या.’

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘उजेड कुठेही लागतो.’

‘तुमच्या बुटाला नाही लागत. आत्ताच सांगितलंत, ऊन कसं असतं ते त्याला माहीत नाही. पिशवीत राहिलेला बूट कसा दिसेल हो? मला वाटतं, त्या कपाटातल्या दुसऱ्यासारखा. ताजा गुलाबी.’

मेहुणी शांतपणे बोलत राहिली. तिचा तो कामाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

‘किल्ल्या तिघांकडे. मावशींनी बदलला असता तर डाव्याशेजारी डावा ठेवला नसता. झोपेतही नाही. काकांनी बदलला असता तर तुटक्या रिबिनीचा नेला असता, त्यांचा जीव त्यातच आहे. बदलणाऱ्याला ज्याला सगळे ओळखतात तो बूट नको होता. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो हवा होता. आणि या बुटांना डावं-उजवं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाचणाऱ्याला किंवा बूट सांभाळणाऱ्याला असं वाटत नाही. वर्षानुवर्षं समोर बसून बघणाऱ्यालाच वाटतं. म्हणून हातात उजवा आला की डावा, हे पाहिलंच नाही. स्वतःचा तिथे ठेवला आणि हा उचलला. दिव्याखाली दोन्ही गुलाबीच दिसले.’

‘पण त्यांच्याकडे बूट होता की,’ व्यवस्थापक म्हणाला. ‘मग कशाला?’

‘होता. नाट्यगृहाच्या विक्रीतला, मेणचट दोऱ्याचा. मेळाव्यात लांबून दाखवायला पुरेसा. पण आज भिंगरी येणार, कपाटात अख्खा जोड बघणार, आणि शेजारी यांच्या हातात त्याच प्रयोगाचा तिसरा बूट. तीन पायांची नर्तकी झाली असती. बूट बदलला की खोटा ठरणार होता तो कपाटातला.’

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या भाषणाच्या कागदाची घडी घालत होत्या.

‘मी पहिल्या रांगेत बसले,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘प्रत्येक प्रयोगाला. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आणि दिले कुणाला, तर वरून उतरून आलेल्या बाईला. तेही दोन्ही. सकाळी मावशी बोलल्या तेव्हा मला कळलं काय झालंय. मग तोंडातून निघून गेलं.’

‘निघून नाही गेलं,’ मी म्हटलं. ‘तुम्ही विचार करून बोललात. मऊ करून बोललात.’

५

व्यवस्थापकाने मला बाजूला घेतलं. ‘काका, मिटलं ना आता? उजवा परत ठेवू, कार्ड तसंच राहील. आजचा दिवस भिंगरीचा आहे, गडबड नको. तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची देतो.’

‘तुझी खुर्ची तुलाच लखलाभ. माझ्या बायकोला खोटं पाडलं ते चार लोकांसमोर. मिटायचं असेल तर तेही त्यांच्यासमोर.’

‘वय झालंय त्यांचं.’

‘माझ्या बायकोचं पण होणार होतं.’

मंडळातले लोकही समजावायला लागले. मोठ्या मनाने घ्या, म्हणाले. सगळ्यांची मनं एकदम मोठी झाली होती. सकाळी माना डोलावताना ती कुठे होती कोण जाणे. मेहुणी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

अध्यक्षबाई उठून आल्या. ‘मला माफ करा.’

‘ते माझ्या हातात नाही,’ मी म्हटलं. ‘जिच्याबद्दल बोललात ती इथे नाही. ती असती तर तिने काय केलं असतं, मी सांगू शकत नाही, आणि तिच्या वतीने उदार व्हायचा मला हक्क नाही. तुम्ही भाषण करणार आहात ना? त्याच्या आधी सांगा.’

दारं उघडली. दालन भरलं. अध्यक्षबाई मधल्या कपाटापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. की जोड खरा आहे. की उजवा बूट त्यांनी काढून घेतला होता. की ज्या बाईंचं नाव कार्डावर आहे त्या खोटं बोलल्या नव्हत्या, आपण बोललो. आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, ‘मागे ऐकू आलं नाही.’ त्यांनी परत सांगितलं. भाषण त्यांनी केलं नाही. त्या निघून गेल्या तेव्हा लोकांनी वाट करून दिली, आणि काही जण माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी दगडच. बघू देत.

प्रयोग आम्ही वरच्या गॅलरीतून पाहिला. कसा झाला ते मला विचारू नका. मेहुणी म्हणते, फार सुंदर झाला.

नंतर भिंगरी दालनात आली. मला वाटलं होतं उंच असेल. ती माझ्या खांद्याएवढी होती, पायात साध्या सपाता, चालताना एक पाय जपत होती. लोक फुलं पुढे करत होते, ती हसून घेत होती आणि मागच्या माणसाकडे देत होती. मधल्या कपाटापाशी ती थांबली. दोन्ही बूट आता शेजारी शेजारी होते, एक डावा, एक उजवा.

‘या बाई कुठे आहेत?’ तिने विचारलं.

‘मी त्यांचा नवरा,’ मी म्हटलं. ‘ती गेली.’

तिने काचेवर हात ठेवला. ‘मी हे का दिले, ते सांगितलं का त्यांनी तुम्हाला?’

‘नाही.’

‘दारात सगळे टाळ्या वाजवत होते. शाबास, काय धीर, असं चाललं होतं. मला दुखण्याने धड उभं राहवत नव्हतं. आणि या बाई गर्दीतून पुढे आल्या आणि मला रागावल्या. म्हणाल्या, रिबीन तुटली तेव्हाच थांबायचं होतं. पाय मोडला असता तर हे टाळ्यावाले जेवून झोपले असते आणि तू खाटेवर पडली असतीस. कौतुकाचा एक शब्द नाही.’ ती हसली. ‘मी तिथेच पायरीवर बसले, बूट काढले आणि त्यांना दिले. अनवाणी गाडीपर्यंत गेले. त्यानंतर कधी रिबीन सैल वाटली की मी सरळ थांबायचे. लोक काय म्हणतील ते म्हणोत.’

मला डोळे पुसायला रुमाल सापडेना. मेहुणीने तिचा दिला.

‘त्या नेहमी अशाच बोलायच्या का?’ भिंगरीने विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘परक्यांशी जरा जपून बोलायची. तुम्हाला कमीच बोलली.’